१ लाख २४ हजार किमी झालेल्या एएमटी गाडीला वाढीव वॉरंटी घ्यावी का?

कल्याण_कसारा
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लच पेडल नाही, गिअर आपोआप बदलतात). ओडोमीटरवर १ लाख २४ हजार. पहिल्यापासून माझ्याच हातात आहे. कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती, ती १ लाखाला संपली. काम हॉस्पिटलांतल्या मशिनांच्या सर्व्हिसिंगचं, त्यामुळे नाशिक नाहीतर पुणे ठरलेलं आणि बाकीचे दिवस शीळफाट्यावरून महापे, पुढे मुंबई. हल्ली महिन्याला अडीच हजार किमी सहज होतात. लोकलने जा म्हणू नका, डिकीत चाळीस किलोची खोकी असतात.

आता एका बाहेरच्या कंपनीचा (गाडी बनवणाऱ्या नव्हे) फोन आला. जुन्या गाड्यांना ते रिपेअर प्लॅन देतात. १६,५०० रुपये जीएसटीसकट, मुदत १ वर्ष किंवा १५,००० किमी. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, इलेक्ट्रिकल 'सगळं कव्हर्ड' असं फोनवरची मुलगी म्हणाली. एका क्लेमला ४० हजार, वर्षभरात मिळून ७५ हजारांची मर्यादा. आधी त्यांचा माणूस घरी येऊन गाडी तपासणार.

बायको म्हणते एवढ्या पैशात एसी नवा होईल. मला भीती गिअरबॉक्सची आहे, हल्ली उताराला पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हलकासा झटका देते. घ्यावं का?

मीटरडाऊन
जागा धरून बसतो. माझी १ लाख ६० हजारला आहे, मला तर कोणी फोनसुद्धा करत नाही.

ग्रीसगन
भाऊ, माझं मुलुंडला गॅरेज आहे, त्यामुळे मी गॅरेजच्या बाजूने बोलतोय असं कोणाला वाटलं तर वाटू दे.

आधी हे बघा की मुंबईत सव्वा लाख चाललेल्या पेट्रोल गाडीचं नक्की काय जातं. सगळ्यात आधी खालचं काम. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकर, स्ट्रट माउंटिंग, इंजिन माउंटिंग. घोडबंदर रोड एका पावसाळ्यात जेवढं खातो तेवढं हायवेची गाडी चार वर्षांत खात नाही. मग क्लच. मग एसीचा कंडेन्सर, कधी कॉम्प्रेसर. वॉटर पंप, अल्टरनेटर, व्हील बेअरिंग. इग्निशन कॉइल. इंजिन मात्र वेळेवर ऑइल बदललं असेल तर सहसा काही मागत नाही, दोन लाख आरामात जातं.

आता प्लॅनची यादी काढा आणि यातलं काय बसतं ते बघा. रबर म्हटलं की बाहेर. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बाहेर. ब्रेक पॅड, डिस्क, वायपर, बल्ब, बॅटरी, टायर बाहेरच. शॉकर बहुतेक ठिकाणी बाहेर, काही ठिकाणी ऑइल गळत असेल तरच आत. म्हणजे ज्या कामांसाठी तुम्ही माझ्याकडे येता त्यातली निम्म्याहून जास्त कामं तिथे चालत नाहीत. राहिलं ते मोठं आणि क्वचित जाणारं सामान. ते गेलं तर प्लॅन कामाचा, नाहीतर पावती फाइलला.

दुसरं, मी कधीच नुसते किलोमीटर बघत नाही. शीळफाट्याला बारा किलोमीटरला तास लागतो. मीटरवर बाराच पडतात, क्लच मात्र तासभर अर्धा दाबलेला असतो. एएमटीत तो पाय तुमचा नसतो, अ‍ॅक्च्युएटरचा असतो. गिअरबॉक्स साधाच मॅन्युअल, वर बसवलेलं हायड्रॉलिक युनिट क्लच दाबतं आणि गिअर टाकतं. झटका येतोय तो क्लच घासल्याचाही असू शकतो. आधी स्कॅनर लावून क्लचचा वेअर बघा, मग वॉरंटीचं बघा.

प्लॅनची पीडीएफ मागवा. माहितीपत्रक नको, अटींची पूर्ण पीडीएफ.

वसईची_सून
मी विरुद्ध बाजूने सांगते. आमच्याकडे कंपनीचीच एक्स्टेंडेड वॉरंटी होती, पाचव्या वर्षातली. खानिवड्याच्या टोलच्या अलीकडे एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला, बेल्ट जळल्याचा वास, मागे दोन मुलं आणि सासूबाई. उन्हाळा. सर्व्हिस सेंटरने दुसऱ्या दिवशी अप्रूव्हल घेतलं, कॉम्प्रेसर नवा बसवला. गॅस, कॉम्प्रेसर ऑइल आणि बेल्टचे पैसे आम्ही दिले, बाकी शून्य. एस्टिमेट २६ हजारांचं होतं. वॉरंटी घेताना त्याच्या निम्मे पण दिले नव्हते.

त्यामुळे 'सगळं लुबाडणं असतं' हे मला पटत नाही. पण ती कंपनीची होती आणि गाडी ८० हजारांच्या आत होती, हेही सांगते.

जुना_डिझेल
१६,५०० बँकेत टाका. दर महिन्याला त्यात दीड हजार घालत राहा. दोन वर्षांत पन्नास हजारांच्या वर जमतील, त्यातून तुम्हाला हवं ते, हव्या त्या गॅरेजमध्ये, कोणाची परवानगी न घेता दुरुस्त करा. नाही लागले तर नवीन गाडीचं डाउन पेमेंट. मी तीन गाड्या अशाच वापरल्या.

आकडेमोड
जुना_डिझेल साहेबांचा हिशोब बरोबर आहे, पण फक्त ज्याच्याकडे शिस्त आहे त्याच्यासाठी. आमच्या घरी असा 'गाडी फंड' गणपतीत संपतो.

मूळ धागाकर्त्यांसाठी: तुम्ही १ वर्षाचा प्लॅन विकत घेत नाही आहात. महिन्याला अडीच हजार चालवता म्हणजे १५,००० किमी सहा महिन्यांत संपतात. त्या प्लॅनला सुरुवातीची 'क्लेम चालणार नाही' अशी मुदत आहे का विचारा, सहसा असते. ती ३० दिवस किंवा १००० किमी धरली तर हातात १४,००० किमी उरतात. १६,५०० भागिले १४,०००, म्हणजे किमीमागे जवळपास १ रुपया १८ पैसे. तुमच्या हॅचबॅकला इतका दुरुस्तीखर्च (सर्व्हिसिंग, टायर सोडून) खरंच येतो का, हे मागच्या दोन वर्षांच्या बिलांवरून काढा. तो आकडा याच्या निम्म्यावर असेल तर विषय संपला.

हीच गोष्ट नवीन गाडीवाल्यांनाही लागू आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी २ वर्षं/४० हजार किमीवरून ३ वर्षं/१ लाख किमी केली, आणि वाढीव पॅकेज ६ वर्षं/१ लाख ६० हजार किमीपर्यंत मिळतं. ऐकायला सहा वर्षं. पण समजा कोणी वर्षाला ३५ हजार चालवतो. त्याची मूळ वॉरंटी तीन वर्षं व्हायच्या आधीच, ३४ महिन्यांत संपते. उरलेले ६० हजार किमी तो साधारण वीस महिन्यांत उडवतो. म्हणजे पैसे तीन जादा वर्षांचे आणि उपयोग पावणेदोन वर्षांचा. जास्त चालवणाऱ्याने वर्षांकडे बघायचंच नाही, किमीचा आकडा बघायचा आणि जमलं तर छोटं पॅकेज घ्यायचं.

उलट रविवारी फक्त सिद्धिविनायक आणि वर्षातून एकदा गावी जाणाऱ्याने किमीची काळजी करू नये, त्याला वर्षंच मोजायची.

मीटरडाऊन
आकडेमोड, तुम्ही लग्नात आहेराचं पाकीटही असंच तपासता का?

कलम_बहाद्दर
ग्रीसगन म्हणाले ते बरोबर, पीडीएफशिवाय चर्चा नको. पीडीएफ आली की तीन जागा वाचा.

पहिली जागा, कव्हर कशाचं आहे याची व्याख्या. 'मटेरियल किंवा बनावटीतला दोष' असं लिहिलंय की 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' असं? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सव्वा लाख चाललेल्या गाडीचा अल्टरनेटर गेला तर दोष कुठला दाखवणार? झिजला म्हणतील. बनावटीचा दोष अशी भाषा असलेला प्लॅन जुन्या गाडीला जवळजवळ निरुपयोगी. बिघाड अशी भाषा असेल तर निदान भांडायला जागा आहे.

दुसरी जागा, पैसे कोण देणार. मागे इन्शुरन्स कंपनी आहे की नुसता सर्व्हिस करार आहे? इन्शुरन्स कंपनीची पॉलिसी असेल तर त्यावर विमा नियामक आयआरडीएआयचं नियंत्रण येतं, तक्रारीला विमा लोकपाल असतो. नुसता करार असेल तर कंपनी बंद पडली की तुमच्या हातात कागद. फोनवरच्या मुलीला हे माहीत नसतं, लेखी विचारा.

तिसरी जागा, उघडणावळ. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय काय बिघडलं ते कळत नाही, आणि उतरवून क्लेम नाकारला तर ती मजुरी तुमच्या डोक्यावर. बहुतेक करारांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

आणि हो, 'बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी गेली' याबद्दल. २०१४ साली स्पर्धा आयोगाने (सीसीआय) चौदा गाडी कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न देण्याबद्दल. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही त्यात ताशेरे होते. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. त्या आदेशाचा कागद काउंटरवर नाचवून कोणी क्लेम पास करत नाही, पण पत्रव्यवहारात उल्लेख केला तर समोरचा जरा नीट उत्तर देतो, एवढं मी पाहिलं आहे.

ग्रीसगन
वकीलसाहेबांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझं अनुमोदन. भांडण नेहमी तिथेच होतं. आणि जुना पार्ट परत मागून घ्या, क्लेम अडकला तर तोच पुरावा.

बाहेरच्या गॅरेजवाल्याकडून बिल घेताना जीएसटी नंबर, गाडी नंबर, किमी आणि ऑइलचा ग्रेड लिहून घ्या. आमच्याकडे लोक शंभर रुपये वाचवायला कच्चं बिल मागतात आणि मग वॉरंटीवाल्याला दाखवायला पक्कं मागायला येतात. मागच्या तारखेचं बिल मी बनवत नाही, राग येतो लोकांना.

फणसपोळी
मधेच विचारते. पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर हे प्लॅन चालतात का? आमचं ऑफिस परळला, हिंदमाताच्या बाजूला. दरवर्षी जीव मुठीत.

कलम_बहाद्दर
नाही. पाणी, अपघात, आग, उंदराने वायर कुरतडणं, यातलं काहीही वॉरंटीत येत नाही. ते इन्शुरन्सचं क्षेत्र. आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारली, इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचा अ‍ॅड-ऑन वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याच्याही अटी असतात. हिंदमाताला जात असाल तर वॉरंटीच्या आधी हा घ्या ताई.

जुना_डिझेल
आणि पाण्यात बंद पडली की चावी काढून खिशात घाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्यानंतरचे कित्येक महिने आमच्या गल्लीतल्या फिटरने फक्त हेच काम केलं, इंजिनं खोलून पाणी काढायचं. त्यातली अर्धी गाड्यांच्या मालकांनी स्टार्टर मारमारून घालवलेली.

वसईची_सून
सीएनजीवाल्यांनी पण लक्षात ठेवा. बाहेरून किट बसवलं की कंपनीची वॉरंटी इंजिन आणि इंधनाशी संबंधित भागांसाठी हात वर करते. आमच्या शेजाऱ्यांनी वॉरंटी शिल्लक असताना नव्या गाडीला बाहेरून किट बसवलं, म्हणे महिन्याला पाच हजार वाचतात. वाचतात खरे. त्यांना हिशोब करूनच ते परवडलं असेल तर बोलणारे आपण कोण.

मीटरडाऊन
आणि पांढऱ्या नंबरप्लेटवर अ‍ॅपच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी तर हा धागा वाचूच नये. व्यावसायिक वापर म्हणून क्लेम पण जातो आणि आरटीओने धरलं तर गाडी पण.

कल्याण_कसारा
सगळ्यांचे आभार. पीडीएफ आली. सतरा पानं. काल रात्री मुलाचा अभ्यास घेता घेता वाचली.

कलम_बहाद्दर, व्याख्येत 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' आहे, पण लगेच पुढच्या ओळीत 'वयोमान व वापरामुळे होणारी झीज वगळून' असंही आहे. इन्शुरन्स कंपनीचं नाव कुठेच नाही. उघडणावळीचं तुम्ही म्हणालात तसंच, क्लेम मंजूर झाला तरच देणार. आकडेमोड, पहिले ३० दिवस आणि १००० किमी, दोन्ही पूर्ण होईपर्यंत क्लेम नाही. तुमचा अंदाज जवळपास बरोबर, फक्त तिथे 'किंवा' नाही.

पण मला अडलं ते गिअरबॉक्सपाशी. माहितीपत्रकात नुसतं 'ट्रान्समिशन' आहे. पीडीएफच्या नवव्या पानावर त्याचा अर्थ दिलाय: 'गिअरबॉक्सच्या कवचातील, तेलात बुडालेले अंतर्गत भाग'. आणि अकराव्या पानावर वगळलेल्या भागांत 'क्लच व क्लच चालवणारी यंत्रणा'. ग्रीसगन दादा, अ‍ॅक्च्युएटर याच्यात कुठे बसतो?

ग्रीसगन
कुठेच नाही. अ‍ॅक्च्युएटर गिअरबॉक्सच्या बाहेर बसतो, त्याचं तेल वेगळं, पंप वेगळा. कवचाच्या आत नाही म्हणून नवव्या पानावरून बाहेर, क्लच चालवतो म्हणून अकराव्या पानावरून बाहेर. दोन दरवाजे लावलेत. तुमच्या गाडीत तेलात बुडालेले गिअर दोन लाखांपर्यंत सहसा काही करत नाहीत. जे जाणार ते तेवढं नेमकं वगळलंय.

ज्याने हा कागद लिहिला त्याला एएमटी चांगली कळते, एवढं कबूल करायला पाहिजे.

आकडेमोड
म्हणजे ४० हजारांची मर्यादा, १६,५०० ची किंमत हे सगळं बाजूलाच राहिलं. ज्या भागासाठी घ्यायचं तोच नाही. विषय संपला.

कलम_बहाद्दर
तसं एक करता येईल. त्यांना ईमेल करून सरळ विचारा: 'एएमटी अ‍ॅक्च्युएटर आणि टीसीयू (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) कव्हर्ड आहे का, हो किंवा नाही.' हो म्हणाले तर ते ईमेल करारापेक्षा मौल्यवान. पैसे भरल्यावर नाकारलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही. पण १६ हजारांसाठी तारखा कोण करणार हा प्रश्न आहेच.

जुना_डिझेल
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

वसईची_सून
काका, तुम्ही सगळ्यांनाच हेच सांगता. ज्यांच्याकडे ड्युअल क्लचवाली ऑटोमॅटिक किंवा बीएस६ टर्बो डिझेल आहे आणि कंपनीची वॉरंटी अजून वाढवून मिळतेय, त्यांनी काय करायचं? मेकॅट्रॉनिक युनिट (त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मेंदू) किंवा इंजेक्टरचा सेट गेला की तुमचे पन्नास हजार चहापाण्यालाच जातील.

ग्रीसगन
ताईंचं बरोबर आहे. माझं मत विचाराल तर साध्या मॅन्युअल पेट्रोलला लाखानंतर काही घेऊ नका. ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी ऑटोमॅटिक, टर्बो डिझेल असेल आणि कंपनी स्वतः देत असेल तर डोळे झाकून घ्या, आणि मुदत संपायच्या आधी घ्या, नंतर देत नाहीत किंवा इन्स्पेक्शन लावतात. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो, त्याच्या साफसफाईला वॉरंटी पैसे देत नाही हे मात्र लक्षात असू दे. एएमटी मधे लटकते. तिथे फक्त एकच बघायचं, अ‍ॅक्च्युएटरचं नाव लिहिलंय की नाही.

फणसपोळी
गाडी विकायची असेल तर कंपनीची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का?

आकडेमोड
बहुतेक कंपन्यांची होते. थोडी फी आणि अर्ज, आरसीवर नाव बदललं की लगेच करायचं. विकताना शिल्लक किमी सांगा, घासाघीस कमी होते.

कल्याण_कसारा
ईमेल केला होता. उत्तर आलं: 'सदर भागाचा निर्णय क्लेमच्या वेळी तपासणीनंतर घेतला जाईल.' मी नम्रपणे नाही म्हणून कळवलं. त्यानंतर डिस्काउंट देऊ म्हणून परत फोन आला, १२,९०० ला.

मधे शनिवारी गाडी स्कॅन करून घेतली. अ‍ॅक्च्युएटर ठीक आहे, क्लच मात्र संपत आलाय, झटका त्याचाच. क्लच सेट, रिलीज बेअरिंग, अ‍ॅक्च्युएटरचं तेल आणि मग स्कॅनरवर क्लच पुन्हा शिकवणं, सगळं मिळून साडेबारा हजार सांगितलेत. म्हणजे डिस्काउंटवाल्या प्लॅनपेक्षा चारशेने स्वस्त. गुरुवारी सोडतोय गाडी, दोन दिवस खोकी घेऊन ओला-उबर.

दर महिन्याला दीड हजार बाजूला टाकायचं पण ठरवलंय, बायकोच्या खात्यात, म्हणजे गणपतीत संपणार नाहीत.

मीटरडाऊन
कल्याणला एएमटी नीट करणारा माणूस सापडला हीच खरी बातमी. आम्हाला डोंबिवलीत सगळे 'शोरूमला न्या' म्हणतात. पत्ता द्या की.

कल्याण_कसारा
आधी गाडी परत तर येऊ दे. नीट झाली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.